पहिली कयाक कोणती बांधावी: ग्रीनलँडची की अल्यूशियन बेटांची?

कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, वरून झाकलेली होडी. ग्रीनलँडची असो की अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांची, दोन्हींची घडण मुळात एकच. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं आवरण, आणि सांध्यांना खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या व दोरीचे बंध. फरक कळतो तो सांगाडा उभा करताना.

ग्रीनलँडच्या कयाकला खाली मधोमध कणा आणि दोन्ही बाजूंना एकेक पट्टी, बस्स. तळ उतरत्या छपरासारखा, म्हणून रेषा वाकडी गेली की डोळ्याला लगेच खुपते आणि वेळीच सुधारता येते. मापं अंगावरूनच घ्यायची: लांबी साधारण तीन वाव (पसरलेल्या दोन्ही हातांचं अंतर म्हणजे एक वाव), रुंदी कमरेइतकी अधिक दोन मुठी.

अल्यूशियन बेटांवरच्या कयाकला बैदारका म्हणतात. तिचं नाक, म्हणजे पुढचं टोक, दुभंगलेलं असतं. ते कोरून बसवण्यातच नवशिक्याचा घाम निघतो. जुन्या होड्यांत कणा तीन तुकड्यांचा असे, लाटांवर होडी थोडी लवावी म्हणून. तळ गोलसर असल्याने बाजूच्या पट्ट्या जास्त, आणि प्रत्येक पट्टी प्रत्येक बरगडीला (वाकवलेल्या आडव्या काडीला) बांधायची. गाठी मारायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊच नका.

पाण्यात मात्र पारडं फिरतं. ग्रीनलँडच्या होडीत मांड्या आडव्या तुळईखाली घट्ट अडकतात. उलटल्यावर वल्ह्याच्या झटक्याने पुन्हा सरळ होण्यासाठी ती पकड लागतेच. बर्फाळ पाण्यात सील मारणाऱ्याचा जीव त्यावरच असे. तिथे आजही या कोलांट्यांच्या स्पर्धा भरतात. पण गुडघे किंवा पाठ कुरकुरत असेल तर अशी बैठक लवकरच नकोशी होते. बैदारकाचं पोट मोठं, तंबू-शिधा सहज मावतो. रशियन व्यापाऱ्यांच्या काळात तर तिघांच्या बैदारकाही बनू लागल्या, मधल्या जागी प्रवासी.

आवरणावरून निवड करू नका, ते आता दोन्हींना सारखंच. पूर्वी ग्रीनलँडला सीलचं, अल्यूशियन बेटांवर समुद्रसिंहाचं कातडं असे आणि शिवण बायकांच्या हातची. आता नायलॉन किंवा पॉलिएस्टर लावून वर पाणी अडवणाऱ्या पॉलियुरेथेनचा थर देतात. नायलॉन दणकट, पण ओलाव्याने सैल पडतं. पॉलिएस्टर इस्त्रीच्या उष्णतेने आवळता येतं.

माझं मत: पहिल्या खेपेला ग्रीनलँडचीच बांधा. मुक्कामी सफरीच करायच्या असतील किंवा अंग आखडलेलं असेल, तरच बैदारका. कुठलीही घेतलीत तरी बरगड्यांसाठी ओक किंवा अ‍ॅशचं ओलसर लाकूड मिळवा. भट्टीत वाळवलेलं वाफेवर वाकवताना कडाडकन मोडतं.