बोलण्यात ‘खत’, पोत्यावर ‘भूसुधारक’

रोपवाटिकेसाठी मी लाकूड गिरणीतील भुसा, साल आणि राख यांपासून तयार केलेल्या ‘खता’ची चाळीस पोती घेतली. विक्रेत्याने प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला होता आणि त्यात एकूण नत्र दीड टक्का असल्याचे नोंदवलेले होते. हे घातल्यावर दुसऱ्या कोणत्याही खताची गरज उरणार नाही, असे त्याने ठामपणे सांगितले. छापील अहवाल समोर आला की आपण पुढचे प्रश्न विचारत नाही. माझेही तसेच झाले.

तिसऱ्या आठवड्यात रोपांची खालची, जुनी पाने आधी पिवळी पडू लागली. नत्र कमी पडल्याची ही ओळखीची खूण आहे, पण नत्रासाठीच घेतलेल्या मालाने ती दिसावी याचा उलगडा होईना. कारण पुढे मातीच्या तपासणीत कळले. कुजलेल्या चांगल्या खतात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण वीसास एक किंवा त्याहून कमी असते, तर कच्च्या भुशात ते कित्येक शेकड्यांस एक इतके असू शकते. असा भुसा मातीत मिसळला की तो कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक उपाशी राहते. गडद रंगामुळे मी ज्याला कुजलेले समजलो, तो बहुतांशी कच्चा भुसाच होता.

मग अहवालातले नत्र आले कोठून? उरलेला माल चाळणीने चाळला, तेव्हा चकचकीत थर असलेले बारीक तुकडे हाती लागले. फर्निचरच्या दाबीव फळ्या जोडण्यासाठी बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक वापरतात आणि त्यात नत्र असतेच. एकूण नत्राची चाचणी ते पिकाला केव्हा मिळेल हे सांगत नाही. अहवालातले नत्र या डिंकातले असावे, हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. जुन्या लाकडाला तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे संरक्षक द्रावण दिलेले असू शकते, या धास्तीने आर्सेनिकही तपासून घेतले. सुदैवाने ते अल्प निघाले.

तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने शांतपणे पोत्याच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांकडे बोट दाखवले: ‘भूसुधारक’, म्हणजे पिकाला पोसण्यापेक्षा मातीचा पोत सुधारण्यासाठी घालायचा पदार्थ. हा एका शब्दाचा खेळ नाही. युरोपीय संघाच्या 2019/1009 या नियमावलीत, जी 16 जुलै 2022 पासून लागू झाली, खत, चुनखत आणि भूसुधारक हे वेगवेगळे वर्ग आहेत. सेंद्रिय भूसुधारकात असेंद्रिय आर्सेनिक दर किलो कोरड्या पदार्थात 40 मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही, मात्र खताइतके नत्र देण्याची हमी त्याच्याकडून अपेक्षित नसते. जिथे असा काटेकोर भेद आणि त्यावर देखरेख नाही, तिथे विक्रेत्याला एकच माल बोलताना एका वर्गात आणि छापताना दुसऱ्या वर्गात बसवता येतो.

भरपाई म्हणून त्याने लाकडाची राख देऊ केली आणि ती युरियात मिसळून टाकायला सांगितली. राखेत पालाश आणि चुना असतो, पण नत्र जळताना उडून गेलेले असते; शिवाय तिचा सामू (पीएच) इतका जास्त असतो की युरियाचे नत्र अमोनिया होऊन हवेत जाण्याचीच भीती. मी नकार दिला.

माझ्या पावतीवरही ‘सेंद्रिय साहित्य’ एवढेच लिहिलेले होते, हे तेव्हा लक्षात आले. पुढे त्याने नव्या मालासाठी विचारले, तेव्हा मी पावतीवर ‘खत’ हा शब्द, कर्ब-नत्र गुणोत्तर आणि लाकूड कोठून आले याची नोंद मागितली. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.