अकरावी-बारावीला इंग्लिशचा कुठला कोर्स घ्यावा: लँग, लिट, सेमिनार, अमेरिकन स्टडीज की कम्युनिटी कॉलेज?

फेब्रुवारी आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी आई-बाबांच्या गप्पांत एकच विषय, पुढच्या वर्षीचे कोर्सेस. त्यातही सगळा जोर कॅल्क्युलस नि फिजिक्सवर, इंग्लिशचं नाव निघालं की "ते घेईल काहीतरी". मला हे फार खटकतं, कारण हायस्कूलची चारही वर्षं इंग्लिश घ्यावंच लागतं, मग ते विचार करून का नको घ्यायला? माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी बारावी झाली, मुलगा आता अकरावीत आहे, तर जे पाहिलं ते लिहिते.

एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, कॉलेज बोर्ड ही संस्था त्यांची परीक्षा घेते आणि 1 ते 5 असा स्कोअर देते. आधी एपी लँग (लँग्वेज), बहुतेक मुलं अकरावीत घेतात तो. नावावरून व्याकरण वाटतं पण तसं काही नाही, भाषणं, पत्रं, वैचारिक लेख असं कथा-कादंबरी सोडून बाकीचं वाचायचं आणि लिहिणाऱ्याने समोरच्याला पटवायला काय काय केलंय ते शोधायचं. मे महिन्यातल्या परीक्षेत एका तासात 45 एमसीक्यू, मग सव्वादोन तासांत तीन निबंध, आणि निबंधांना 55 टक्के वजन. त्यातला सिंथेसिसचा निबंध मला सगळ्यात मोलाचा वाटतो, एकाच प्रश्नावर सहा सोर्स देतात, एखादा तक्ता किंवा चित्रही असतं, त्यातले निदान तीन वापरून स्वतःची बाजू मांडायची. मुलीचा पहिला निबंध तपासून आला तेव्हा मार्जिनमध्ये सरांनी चार ठिकाणी फक्त "सो व्हॉट?" लिहिलं होतं. प्रत्येक सोर्स काय म्हणतो ते तिने नीट सांगितलं होतं पण तिला स्वतःला काय म्हणायचंय ते कुठेच नव्हतं. रडली त्या दिवशी. तोच निबंध तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा पहिलं वाक्य तिचं स्वतःचं आलं, आणि तेव्हापासून मी कुठल्याही कोर्सबद्दल एकच विचारते, लिहिलेलं किती वेळा परत हातात येतं आणि परत लिहून घेतात का.

एपी लिट म्हणजे कविता, कथा-कादंबरी, नाटक. 55 एमसीक्यू आणि दोन तासांत तीन निबंध, एक कवितेवर, एक गद्य उताऱ्यावर, आणि तिसऱ्यात पुस्तक मुलाने निवडायचं, म्हणजे चार-पाच पुस्तकं पक्की डोक्यात हवीत. आपल्याकडे मराठीच्या पेपरात रसग्रहण असायचं ना, त्याचीच ही मोठी बहीण, फक्त आपण गाईडमधून पाठ करून जायचो, इथे समोर आलेली कविता बहुतेक मुलं तिथेच पहिल्यांदा वाचतात. माझी मुलगी सराव करताना आधी कविता मोठ्याने वाचायची, मग पेन्सिल हातात घ्यायची. जे मूल सावकाश, परत परत वाचतं त्याने हा जरूर घ्यावा, इंजिनिअरिंगला जायचं असलं तरी घ्यावा.

एपी सेमिनारची गोष्ट वेगळी. यात ठरलेला सिलॅबस नाही, एकच प्रश्न इतिहास, सायन्स, अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या बाजूंनी तपासायचा. टीम प्रोजेक्टला 20 टक्के, एकट्याने केलेल्या निबंध-प्रेझेंटेशनला 35, परीक्षेला 45. जानेवारीत कॉलेज बोर्डाकडून उताऱ्यांचा गठ्ठा येतो, त्यातून प्रश्न काढून 2000 शब्दांत मांडायचा, मग उभं राहून बोलायचं आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. एआयकडून लिहून आणलं तर निभत नाही, कारण मधल्या टप्प्यांवर टीचर समोर बसवून काम कसं केलं ते विचारतात. मुलाच्या टीममधल्या एकाने ऐनवेळी हात वर केले, उरलेल्या तिघांनी दोन रात्री जागून निभावलं, तेव्हा टीमचा भाग त्रासाचा आहे हे धरूनच चाला. पुढे एपी रिसर्च, 4000 ते 5000 शब्दांचा पेपर, आणि या दोन्हींबरोबर आणखी चार एपींत 3 किंवा जास्त स्कोअर आला तर कॉलेज बोर्डाचा कॅपस्टोन डिप्लोमा मिळतो. नुसत्या डिप्लोमासाठी मात्र घेऊ नका. आणि एक गोष्ट आधीच विचारा, तुमच्या शाळेत सेमिनार इंग्लिश म्हणून धरतात की इलेक्टिव्ह म्हणून, इलेक्टिव्ह असेल तर इंग्लिशचा तास वेगळा घ्यावाच लागेल.

काही शाळांत अकरावीला अमेरिकन स्टडीज असतं, इंग्लिश आणि अमेरिकेचा इतिहास जोडून, सलग दोन तास, दोन टीचर. न्यू जर्सीत अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं घ्यावाच लागतो, मग गुलामगिरीचा काळ शिकताना त्याच आठवड्यात त्या काळच्या माणसांनी लिहिलेलं वाचलं तर दोन्ही विषय एकमेकांना धरून राहतात. एपीचा शिक्का नाही म्हणून आपले लोक हा कोर्स बघतही नाहीत, मला याचं खरंच वाईट वाटतं, ज्या मुलाला इंग्लिश म्हणजे ओझं वाटतं त्याच्यासाठी मी हाच आधी सांगेन.

राहिलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच जवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात इंग्लिशचा कोर्स घ्यायचा. एका सेमिस्टरमध्ये संपतं, मे मधल्या एका सकाळवर सगळं अवलंबून नसतं, हे चांगलंच. पण तिथली ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते, आणि क्रेडिट कुठे, कसं धरतील ते प्रत्येक युनिव्हर्सिटीचं वेगळं. माझ्या भाचीचं एका ठिकाणी घेतलं पण इलेक्टिव्ह म्हणून, रायटिंगचा कोर्स परत करावा लागलाच. प्रिन्स्टनला तर रायटिंग सेमिनार सगळ्यांनाच करावा लागतो, एपीत 5 असले तरी. तेव्हा स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं पक्कं असेल, आणि क्रेडिट कसं धरतील ते त्या युनिव्हर्सिटीने लिहून सांगितलं असेल, तरच मी याच्या मागे लागेन.

मुलाचं बारावीचं अजून ठरायचंय. त्याला लिट नको, लँग चालेल म्हणतो, कारण सेमिनारमुळे वाद घालायची गोडी लागलीय. शुक्रवारी काउन्सिलरकडे जातोय, गेल्या वर्षी लँगच्या वर्गात किती निबंध परत लिहून घेतले ते विचारणारे, मग फॉर्म भरू.