न्यूयॉर्कच्या फुटपाथवरचे मोफत वाय-फाय : लिंक-एनवायसी

लेकीकडे न्यूयॉर्कला आल्यावर पहिला आठवडाभर माझ्या फोनमध्ये इथले सिमकार्ड नव्हते, त्यामुळे शहराची ‘लिंक-एनवायसी’ ही मोफत वाय-फाय सेवा मी गंमत म्हणून नव्हे, तर नड म्हणून वापरली. मॅनहॅटन या शहराच्या गजबजलेल्या मध्यवर्ती भागात, थर्ड अ‍ॅव्हेन्यूवर, दोन्ही अंगांना जाहिरातींचे भलेथोरले पडदे असलेले या सेवेचे उंच खांब दिसतात. खांबाच्या कडेला छोटा टॅबलेट, हेडफोनची खाच, फोन चार्ज करण्यासाठी दोन यूएसबी पोर्ट आणि आपत्कालीन ९११ क्रमांकासाठी लाल बटण असते. नोंदणीला ई-मेल पुरला. आपल्याकडे सार्वजनिक वाय-फाय म्हटले की मोबाइलवर ओटीपी येतो आणि परदेशातून आलेल्या पाहुण्याचे घोडे नेमके तिथेच अडते. इथे मात्र खांबाशेजारी उभे राहून साताऱ्याच्या बहिणीशी व्हिडिओवर बोललो आणि चित्र एकदाही अडकले नाही.

हे फुकट कसे परवडते, हा प्रश्न मराठी माणसाला पडणारच. जुन्या टेलिफोन बूथच्या जागी असे खांब उभारण्याचे काम न्यूयॉर्क शहराने २०१४ साली ‘सिटीब्रिज’ या कंपनीसमूहाला दिले. उभारणीचा आणि देखभालीचा खर्च जाहिरातींतून निघावा, करदात्याच्या खिशाला हात लागू नये आणि वर शहरालाही उत्पन्नातला वाटा मिळावा, असा तो व्यवहार होता. २०१६ च्या आरंभी सेवा सुरू झाली. टॅबलेटवर सुरुवातीला इंटरनेटही पाहता येत असे. पण लोक तासन्‌तास ठाण मांडू लागल्याने आणि नको ते पाहिले जात असल्याच्या तक्रारी आल्याने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती सोय बंद करण्यात आली.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. करारात ७,५०० खांबांची भाषा होती, प्रत्यक्षात पहिल्या काही वर्षांत दोन हजारांचाही पल्ला गाठला गेला नाही, आणि जे उभे राहिले त्यांची दाटी मॅनहॅटनमध्येच झाली, कारण जाहिरातदाराला गर्दी हवी असते आणि ज्याच्या घरी इंटरनेट नाही तो बहुधा त्या गर्दीच्या रस्त्यावर राहत नाही. पैसा जाहिरातदाराचा म्हटल्यावर जागाही त्याच्या सोयीची होणार, हे शहराने आधीच ओळखायला हवे होते. पुढे २०२२ पासून, शहराच्या उत्तरेकडच्या ब्राँक्स भागातून सुरुवात करत, याच सेवेचे ३२ फुटी ५जी मनोरे येऊ लागले, तेव्हा त्यांतले किमान ९० टक्के मॅनहॅटनबाहेर किंवा मॅनहॅटनच्या ९६व्या रस्त्याच्या उत्तरेला असावेत, अशी अट शहराने घातली. महापालिकेचे खरे काम मला अशी अट घालण्यात दिसते, नुसते खांब उभे करण्यात नाही.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की खांबावरून अमेरिकेत कुठेही फुकट फोन लावता येतो. भारतात बोलायचे असेल तर मात्र आपल्याच फोनवर वाय-फाय जोडून घ्यावे.