मुलीसाठी महाविद्यालय शोधताना ‘फायर’ची क्रमवारी किती उपयोगी पडली?

अमेरिकेतील मराठी घरांत मुलांच्या बारावीच्या वर्षी एक मोठा तक्ता तयार होतो आणि त्यात शुल्क, शिष्यवृत्ती, घरापासूनचे अंतर असे रकाने असतात. न्यू जर्सीतील आमच्या तक्त्यात मुलीने स्वतःहून आणखी एक रकाना वाढवला. तिला कलेतिहास आणि धर्मांचा अभ्यास असे दोन्ही विषय शिकायचे असल्यामुळे, वर्गात कोणाची धार्मिक भावना दुखावली तर महाविद्यालय कसे वागते, हे तिला आधी जाणून घ्यायचे होते. तो रकाना भरण्यासाठी फिलाडेल्फियातील ‘फाउंडेशन फॉर इंडिव्हिज्युअल राइट्स अँड एक्स्प्रेशन’ अर्थात ‘फायर’ या 1999 साली स्थापन झालेल्या, अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थेची विनामूल्य सेवा आम्ही दोन महिने वापरली.

मुलीच्या मनात मिनेसोटातील हॅमलिन विद्यापीठाचे प्रकरण होते. ऑक्टोबर 2022 मध्ये तेथील अर्धवेळ प्राध्यापिका एरिका लोपेझ प्रेटर यांनी कलेतिहासाच्या वर्गात इराणी इतिहासकार रशीदुद्दीनच्या चौदाव्या शतकातील इतिहासग्रंथातले पैगंबरांचे चित्र, पूर्वसूचना देऊन, दाखवले. एका मुस्लीम विद्यार्थिनीने तक्रार केल्यावर प्रशासनाने ही कृती इस्लामद्वेष्टी ठरवली आणि पुढील सत्रात त्यांना वर्ग मिळाला नाही. ‘मुस्लिम पब्लिक अफेअर्स कौन्सिल’ ही मुस्लीम संघटनाच प्राध्यापिकेच्या बाजूने उभी राहिली, जानेवारी 2023 मध्ये पूर्णवेळ अध्यापकांनी 71 विरुद्ध 12 मतांनी अध्यक्षांचा राजीनामा मागितला आणि विद्यापीठाला ‘इस्लामद्वेष्टी’ हा आपला शब्द मागे घ्यावा लागला.

‘फायर’च्या सेवेतील सर्वांत गाजणारा भाग म्हणजे महाविद्यालयांतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची वार्षिक क्रमवारी, आणि आमच्या कामाला सर्वांत कमी आला तोही तोच. सप्टेंबर 2023 मध्ये जाहीर झालेल्या क्रमवारीत मिशिगन टेक पहिले आले आणि हार्वर्डला 100 पैकी 0 गुण मिळाले. मुळात ते उणे 10.69 होते, ते शून्यावर आणून ठेवले होते. वर्तमानपत्रांना असा मथळा आवडतो. परंतु हे गुण विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण, महाविद्यालयाचे लेखी नियम आणि वक्त्यांना वा अध्यापकांना झालेला विरोध अशा वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करून काढले जातात, त्यामुळे शून्य नेमके कशामुळे आले हे त्या एका आकड्यावरून उमगत नाही.

त्या मानाने नियमांसाठी दिलेले हिरवे, पिवळे आणि लाल दिवे अधिक प्रामाणिक वाटले, कारण दिव्याखाली ज्या नियमामुळे तो रंग मिळाला तो नियमच वाचायला मिळतो. ब्रिगहॅम यंगसारखी धार्मिक विद्यापीठे आपल्या श्रद्धेला अभिव्यक्तीच्या वर स्थान देतात. त्यांना लाल रंग न देता ‘वॉर्निंग’ असा वेगळा शेरा देऊन त्यांची मांडणीही वेगळी केली आहे, हे मला न्याय्य वाटले. तिथे जाणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे आधीच ठाऊक असते. सरकारी विद्यापीठांना राज्यघटनेची अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी पहिली दुरुस्ती बांधते, खासगी महाविद्यालयांना मुख्यतः त्यांनी स्वतः दिलेली वचने बांधतात, हा फरकही सोप्या भाषेत समजावला आहे. आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या, धर्मभावना दुखावण्याला गुन्हा ठरवणाऱ्या कलम 295अ ची (जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 299) सवय झालेल्या पालकांनी तेवढे तरी वाचावेच. पुण्याच्या ललित कला केंद्रातील नाटकावरून फेब्रुवारी 2024 मध्ये विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना अटक झाली होती; अमेरिकेत अशा प्रकरणी धर्मभावना दुखावल्याचा गुन्हाच अस्तित्वात नाही, जो काही जाच होतो तो प्रशासनाकडून होतो.

आमचा खरा उपयोग झाला तो जुन्या प्रकरणांच्या नोंदींचा. सॅन फ्रान्सिस्को स्टेट या सरकारी विद्यापीठात ऑक्टोबर 2006 मध्ये काही विद्यार्थ्यांनी हमास आणि हिजबुल्ला यांच्या झेंड्यांवर पाय दिले. त्यांवर अरबीत ‘अल्लाह’ लिहिलेले असल्याने चौकशी सुरू झाली आणि मार्च 2007 मध्ये ते निर्दोष ठरले. ही पाच महिन्यांची टांगती तलवार कोणत्याही दिव्याच्या रंगात दिसली नसती. माझी मुख्य तक्रारही याच नोंदींबद्दल आहे. दबाव डावीकडून आला की उजवीकडून, अशी विभागणी त्यांत प्रामुख्याने केली आहे, आणि श्रद्धा दुखावण्याचे प्रश्न त्या चौकटीत बसत नाहीत. हॅमलिनमध्ये तक्रार करणारी विद्यार्थिनी डावी की उजवी, हे विचारण्यात काय अर्थ आहे? तिच्या धर्मातील अनेक पंथांत चित्र निषिद्ध आहे आणि त्याच धर्माच्या राज्यकर्त्याच्या दरबारात ते चित्र निर्माण झाले, हा खरा पेच होता.

संस्थेला कोक आणि ब्रॅडली यांसारख्या उजव्या वर्तुळातील प्रतिष्ठानांच्या देणग्या मिळाल्या आहेत, त्यामुळे माझे पती प्रारंभी साशंक होते. मात्र 2025 मध्ये ‘फायर’नेच स्टॅनफर्डच्या विद्यार्थी वृत्तपत्राच्या वतीने ट्रम्प सरकारविरुद्ध दावा दाखल केला, तेव्हा ती शंका बरीच ओसरली.

मुलीच्या रकान्यात आता रंगांऐवजी प्रत्येक महाविद्यालयातील एखादी जुनी घटना, तिचे वर्ष आणि निकाल लिहिलेला आहे. दोन ठिकाणी तो अजून रिकामा आहे. तिथे पुढच्या महिन्यात जाऊन कलेतिहासाच्या प्राध्यापकांनाच, ते चित्र तुम्ही वर्गात दाखवाल का, असे ती विचारणार आहे.