राखीव तुकडा की झुडपी बांध? शेतजमीन आणि वन्य प्राण्यांची जनुकं

शेतजमिनीचं नियोजन करताना वन्य प्राण्यांचाही विचार करायचा ठरवलं, तर समोर साधारण दोन वाटा येतात. पहिली म्हणजे एक सलग तुकडा निसर्गासाठी सोडून उरलेल्या जमिनीत जोमानं पीक काढणं. दुसरी म्हणजे सगळीच शेती जरा सैल हातानं करणं: बांधावर झुडपं, कडेनं गवताची पट्टी, फवारणी बेताची. यांची तुलना बहुतेक वेळा किती प्राणी दिसले यावरच थांबते. मला मात्र आधी विचारावंसं वाटतं, की त्यांना नात्याबाहेरचा जोडीदार मिळतो का?

कारण हिशेब कठोर आहे. बाहेरून कोणी येत नसेल आणि प्रजननाच्या हिशेबात धरता येतील असे 50च प्राणी असतील, तर दर पिढीला सुमारे 1 टक्का जनुकीय विविधता गळते. 500 असतील तर 0.1 टक्का. प्रजननाच्या हिशेबातली ही संख्या डोकी मोजून मिळत नाही. ती बहुधा त्याहून बरीच कमी असते.

राखीव तुकड्याचा मोठा गुण म्हणजे नांगर आणि यंत्रांपासून सुटका. जमिनीवर अंडी घालणाऱ्या, शेतात टिकूच न शकणाऱ्या जातींना दुसरा आसरा नसतो. पण भोवती सलग पीक असलं की त्या तुकड्याचं बेट होतं. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर स्मिगेहुक इथं गवताच्या अरुंद पट्टीत अॅडर जातीचे साप राहायचे. शेतीमुळे ते इतर सापांपासून तुटले, आपसातच जुगत राहिले आणि मेलेली, व्यंग असलेली पिल्लं जन्मू लागली. 1992 मध्ये दुसरीकडचे 20 नर तिथं सोडले. काही वर्षांत सापांची संख्या झपाट्यानं वाढली.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यामधल्या प्रेअरी चिकन पक्ष्यांची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथं जागा राखून ठेवली होती, तिची निगाही घेतली जात होती. एकेकाळी लाखोंनी असलेले हे पक्षी गवताळ प्रदेश नांगराखाली गेल्यावर घटत गेले. 1993 च्या सुमारास 50 सुद्धा उरले नाहीत. अंडी उबण्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या वरून 60 च्या खाली आलं. मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्कातून 271 पक्षी आणल्यावर ते पुन्हा 90 च्या पुढे गेलं.

दुसऱ्या वाटेची ताकद नेमकी इथं आहे: ती ये-जा चालू ठेवते. पिढीला एखादाच पाहुणा येऊन प्रजनन करून गेला, तरी सैद्धांतिकदृष्ट्या बरंच साधतं. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात. पण झुडपी बांध सगळ्यांना चालत नाही. साळू, उंदीर, वटवाघळं, सावलीतले भुंगेरे त्याच्या आधारानं फिरतात. मोकळ्या रानात घरटं करणारा चंडोल उंच झुडपांपासून लांबच राहतो. बांध मधेच तुटला आणि तिथं उघडी नांगरट असली, तर ओल-सावलीच्या भुंगेऱ्याची वाट तिथंच संपते.

पीक कोणतं, हेही विसरू नये. युरोपातल्या रानटी हॅमस्टरवरच्या (उंदरासारख्या प्राण्यावरच्या) प्रयोगात मक्यावर ठेवलेल्या माद्यांनी स्वतःचीच पिल्लं खाल्ली. ब-3 जीवनसत्त्व दिल्यावर हे थांबलं. मैलोन् मैल मकाच असेल, तर माद्या दिसतील, पण पुढच्या पिढीत भर घालणाऱ्या थोड्याच.

मग निवड कशी करायची? जवळपास मोठं जंगल किंवा गवताळ रान असेल आणि आपली जमीन मधे पडत असेल, तर मी निःशंकपणे बांध आणि पट्ट्या निवडेन, तेही शेजाऱ्यांशी बोलून, म्हणजे बांधाला बांध मिळेल. प्राणी शेतात पाऊलच टाकत नसेल, तर आधी तुकडा, आणि तो जमेल तितका दुसऱ्या तुकड्याला लागून. संख्या आधीच काही दहांवर आली असेल, तर बाहेरून प्राणी आणण्याची तयारी ठेवा. मात्र रोगाची तपासणी करून आणि मिळत्याजुळत्या अधिवासातूनच.

काहीही निवडा, पण आजच गळालेली पिसं, केस, विष्ठा यांचे नमुने तज्ज्ञांच्या मदतीनं जपून ठेवा. इलिनॉयच्या पक्ष्यांनी कोणती जनुकीय रूपं गमावली हे कळलं, ते संग्रहालयात जुन्या पक्ष्यांचे नमुने शिल्लक होते म्हणूनच.