कोल्डप्लेसाठी नेरूळ की अहमदाबाद?

जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे कार्यक्रम नवी मुंबईत नेरूळला 18, 19 आणि 21 तारखेला झाले, अहमदाबादला 25 आणि 26 तारखेला. पुणेकरांना नेरूळ सोयीचं: दुपारी एक्स्प्रेसवेने निघायचं, पहाटेपर्यंत घरी. मुक्कामाचा खर्च नाही, रजाही नको. पण शेवटच्या गाण्यांना निम्मं लक्ष परतीच्या गाडीकडे.

अहमदाबादला रात्रभराचा रेल्वेप्रवास, हॉटेलांचे चढे दर. तरी माझं मत अहमदाबादलाच. मोटेराच्या स्टेडियमची क्षमता सव्वा लाखाहून जास्त, आणि मेट्रो स्टेशन अगदी जवळ. अंधार पडला आणि प्रेक्षकांना वाटलेले, हजारो मनगटांवरचे दिव्यांचे पट्टे एकदम पिवळे झाले, मग निळे. शेजारच्या अनोळखी काकूंनी माझा हात घट्ट धरला, गाणं संपेपर्यंत सोडला नाही. बाहेर पडताना पट्टा परत दिला तेव्हा मनगट रिकामं रिकामं वाटलं.

आणि घाई नव्हती! त्या रात्री माणेक चौकातल्या खाऊबाजारात सँडविच खात, बसलेल्या आवाजात आम्ही पुन्हा तीच गाणी म्हणत होतो. नेरूळहून परतताना हे जमलं नसतं. घरी लहान मूल असलेल्यांना मात्र नेरूळच बरं होतं.