पिकअप फोर बाय फोर करून घेतली: पावसाळ्यानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेले मोकळे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपची चारही चाकं ओढती करायचं काम चांगलं झालं, खर्च ठरल्यापेक्षा बराच वर गेला, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या पुढच्या चाकांच्या ओढीपेक्षा ट्रान्सफर केससोबत (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) आलेला लो गिअरच जास्त कामाला येतोय.

गाडी जुनी डिझेल पिकअप, पुढेही पाट्यांचे स्प्रिंग, मागेही पाट्यांचे. राहायला धायरी, शेती वेल्ह्याकडे. खानापूरवरून पाबे घाट चढायचा, पलीकडे उतरायचं, डांबर सोडून पाणंदीला लागायचं. पावसाळ्यात तिथली तांबडी माती काय चीज आहे हे मुळशी-मावळात शेती असणाऱ्यांना सांगायला नको. त्यात रिकामी पिकअप म्हणजे इंजिनाचं वजन पुढे, ढकलणारी चाकं मागे, आणि त्या चाकांवर भार काहीच नाही. आम्ही वर्षानुवर्षं हौद्यात वाळूची पोती टाकून चढायचो. चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टरने पाणंदीची वाट लावली की पोतीही उपयोगाची नाहीत. मग आवणाच्या (भाताच्या रोपांच्या) जुड्या डोक्यावर.

नवी फोर बाय फोर का नाही घेतली, असं बरेच जण विचारतात. इंजिन ठणठणीत, हप्ते फिटलेले, आणि नव्या गाडीत शेणखत भरायला माझा तरी जीव होत नाही.

असं काही करायचं मनात असेल तर पहिला प्रश्न एकच: तुमच्या मॉडेलची फोर बाय फोर गाडी कंपनीने स्वतः काढली होती का? काढली असेल तर चेसिस, क्रॉस मेंबर, गिअरबॉक्सचं मागचं तोंड हे बऱ्यापैकी जुळवता येतं. नसेल तर सगळा खेळ कटर आणि वेल्डिंगचा, आणि त्या वाटेला मी कुणाला पाठवणार नाही. दुसरं, माल शक्यतो एकाच गाडीचा घ्या. पुढचं हौसिंग (दोन चाकांमधलं, आत गिअर असलेलं आडवं खोकं), ट्रान्सफर केस, प्रॉपेलर शाफ्ट (ताकद हौसिंगपर्यंत नेणारा फिरता दांडा), लिव्हर, हब (चाक एक्सलशी जोडणारा भाग), सगळं एका अपघातग्रस्त गाडीवरून मिळालं तर निम्मी डोकेदुखी कमी. ऑइल सील, बेअरिंग, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) असा किरकोळ माल नाना पेठेत एका फेरीत होतो.

आमचे मिस्त्री हट्टी आहेत. "दात मोजल्याशिवाय हौसिंगला पैसे द्यायचे नाहीत," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांनी गाडीचं मागचं एक चाक जॅकवर घेतलं, बाकीच्यांना दगड लावले, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. टायरवर खडूची एक रेघ, प्रॉपेलरवर दुसरी. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की डिफरन्शिअलमुळे (हौसिंगमधले, दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) उचललेलं चाक दुप्पट फिरतं, म्हणून चाकाचे दोन पूर्ण फेरे करायचे आणि तेवढ्यात प्रॉपेलर किती वेळा फिरला ते मोजायचं. साडेचारच्या किंचित पुढे आलं. म्हणजे हौसिंगमधल्या मोठ्या गिअरला, क्राउनला, ४१ आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ९ दात, रेशो ४.५६. भंगारवाल्याने दाखवलेलं पहिलं हौसिंग बाहेरून हुबेहूब तसंच होतं. उघडलं तर पिनियन ८ दातांचा, म्हणजे रेशो ५.१३. मिस्त्रींनी झाकण परत लावलं आणि आम्ही निघालो. तो माल बसला असता तर फोर बाय फोर लावल्यावर पुढची चाकं एका वेगाने, मागची दुसऱ्या. फरक बारा टक्क्यांचा. चिखलातसुद्धा दोन्ही हौसिंग एकमेकांशी भांडत राहिली असती आणि शेवटी जे कमजोर ते तुटलं असतं. टायरचंही तेच. चारही एका मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत.

आणखी एक बघायचं: पुढच्या हौसिंगचा गोळा (डिफरन्शिअलचा फुगीर भाग) ट्रान्सफर केसच्या पुढच्या तोंडाच्याच बाजूला हवा. जुन्या विलिस जीपमध्ये तो उजव्या अंगाला असतो, पण सगळ्या गाड्यांत तसं नसतं. आमचा जुळला. मात्र गोळा वर उसळला की इंजिनच्या संपला (खालच्या ऑइलच्या भांड्याला) लागेल अशी भीती होती, म्हणून पुढे एकेक पाटा वाढवून गाडी उचलली. उचलल्यामुळे स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येईना. पाट्याखाली पाचरी घालून कोन सुधारला तेव्हा ते ताळ्यावर आलं. ब्रेकचे होजही लांब लागले. हे असले पोटखर्च कोटेशनमध्ये कधीच नसतात.

सगळ्यात जास्त मनस्ताप प्रॉपेलरने दिला. मध्ये ट्रान्सफर केस आल्यामुळे मागचा शाफ्ट आखूड करावा लागतो. तो ज्याच्याकडे कापून घेतला त्याने दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत न ठेवताच वेल्डिंग मारलं. साठच्या पुढे गेलं की सीटखालून थरथर, आरशात मागची गाडी दोन-दोन दिसायची. त्याच्याकडे परत नेली तर म्हणे टायर बॅलन्सिंग करा. केलं. काही फरक नाही. शेवटी मिस्त्री गाडीखाली झोपले आणि एका नजरेत कळलं. क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याचा वेग सारखा राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात मागेपुढे होतो. दोन्ही योक एका रेषेत असले तर एकाचा फरक दुसरा खोडून काढतो, नसले तर दोन्ही फरक मिळून गाडी हलवतात. भोसरीत दुसऱ्याकडून शाफ्ट नव्याने जोडून बॅलन्स करून आणला. तेव्हापासून शांत आहे.

आता वापराचं. आमच्या ट्रान्सफर केसचा लो गिअर साधारण अडीचपट आहे, म्हणजे वेग तेवढा कमी आणि ओढ तेवढी जास्त. लोमध्ये पहिला टाकून क्लच सोडला की ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडी भरल्या खतासकट चढ चढते, माणसाच्या चालीपेक्षा हळू. पूर्वी तोच चढ वेग घेऊन मारावा लागायचा, दगडांवर आपटत, अर्ध्यात क्लचचा वास. आता वास नाही, आपटणं नाही, आणि कुठलं चाक कुठे ठेवायचं ते बघायला सवड मिळते. उतरताना तर याची किंमत आणखी कळते. ओल्या मातीच्या उतारावर ब्रेक दाबला की चाकं अडकून गाडी घसरते. लोचा पहिला गिअर चारही चाकं इंजिनाच्या ताब्यात ठेवतो, ब्रेकला पाय लावावाच लागत नाही.

पण दोन्ही डिफरन्शिअल साधी आहेत, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र बांधून फिरवणारी यंत्रणा) नाहीत. पाणंद तिरकी खचलेली असली की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मोकळं पडतं आणि तीच दोन गरागरा फिरत बसतात. बाकीची दोन जागची हलत नाहीत. त्यावर माझा उपाय टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवणे. निम्म्या वेळा तेवढ्यानेच निघते. डांबराला लागण्याआधी परत भरायची, त्यासाठी बॅटरीवरचा पंप सीटखाली असतो.

डांबरावर फोर बाय फोर लावू नका, घाट ओला असला तरी. पुढच्या-मागच्या हौसिंगच्या मध्ये डिफरन्शिअल नाही, आणि वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत टायर घसरून तो फरक पचवतात, डांबरावर तो ताण शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर निघत नाही. अशा वेळी थोडं सरळ रिव्हर्स घेतलं की सुटतो. हब हाताने लॉक करायचे आहेत, म्हणजे आधी आठवलं नाही तर चिखलात उतरावं लागतं. आमचे आबा दर वेळी बजावतात, "आधी चप्पल काढ, मग हब फिरव."

तोट्याची बाजू: वजनकाट्यावर गाडी जवळपास दीडशे किलोने जास्त भरली. कागदावरचं एकूण वजन तेच राहतं, म्हणजे तेवढा माल कमी. डिझेल लिटरला तेराच्या आसपास होतं ते अकरावर आलं. पुढची चाकं वळतात तिथल्या (नकलच्या) जॉइंटमुळे चाकं पूर्वीइतकी वळत नाहीत, त्यामुळे धायरी गावठाणातल्या आमच्या गल्लीत एक रिव्हर्स जास्त मारावा लागतो. उंची वाढल्यामुळे कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना मी मुद्दाम हळू असतो. क्रॉसच्या निपलना ग्रीसगन लावायची, ओढ्यातून गेल्यावर हौसिंगचं ऑइल काढून बघायचं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

कागदांचं हलक्यात घेऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. कामाला हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. पिकअप मालवाहू असल्यामुळे पासिंग चुकत नाही, आणि तिथे गाडीखाली वाकून बघतात. माझा गॅरेजमध्ये गेला त्याहून जास्त वेळ या कागदांत गेला.

पैसे दीड लाखाच्या आत बसतील असं ठरलं होतं, सव्वादोनवर थांबले. विकताना त्यातला एक रुपया वसूल होईल असं वाटत नाही, उलट घेणारा बिचकेल. वर्षातून चार दिवस ट्रेकला जाणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, चांगले मड टायर घ्यावेत. मागच्या हौसिंगला लॉकर बसवायचं माझ्या डोक्यात आहे. मिस्त्री म्हणतात आधी एक्सल तपासू, मगच पैसे घाला. ते दिवाळीनंतर. तोवर फावडं आणि दोन फळ्या हौद्यात आहेतच.